बांधून आलेल्या बोट-इंजिनाला कार्बोरेटर निवडताना

इंजिन उतरवलं, बोअर केलं, नवे पिस्टन आणि रिंगा पडल्या, हेडचं काम झालं. आता इनटेक मॅनिफोल्डच्या डोक्यावर एक चौकोनी भोक कापडाने झाकलेलं आहे आणि त्यावर काय बसवायचं हा प्रश्न आहे. इथे बहुतेक जण दोनपैकी एक करतात. जुना कार्बोरेटर पेट्रोलने धुऊन पुन्हा चढवतात, नाहीतर सगळ्यात मोठ्या आकड्याचा चकचकीत नवा आणतात. दोन्हींमध्ये नवं इंजिन खराब होण्याची शक्यता आहे आणि एका प्रकारात बोटीला आग लागण्याचीसुद्धा.

हा लेख बोटीच्या आत बसवलेल्या चार-स्ट्रोक पेट्रोल इंजिनांसाठी आहे, म्हणजे इनबोर्ड आणि स्टर्नड्राइव्ह. डिझेलला कार्बोरेटर नसतो, आणि आउटबोर्डचं गणित वेगळं असतं.

निवडीचा क्रम असा ठेवा: आधी सुरक्षितता, मग माप, मग बसणी, आणि किंमत व दिसणं शेवटी.

सुरुवात करण्याआधी हाताशी हवं ते

माहिती आणि कागद:
- इंजिनाचा सिरियल नंबर आणि मूळ मॅन्युअल. त्यात फुल थ्रॉटलला (हँडल पूर्ण पुढे असताना) किती आरपीएम, म्हणजे मिनिटाला फेरे, यायला हवेत ते दिलेलं असतं.
- मशिन शॉपचं बिल किंवा कामाची यादी: बोअर किती वाढवला, कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) कोणता टाकला, कॉम्प्रेशन किती झालं.
- जुन्या कार्बोरेटरवर कोरलेला नंबर.
- मॅनिफोल्डचा वरून काढलेला फोटो, सोबत बोल्टांची मापं.

हत्यारं: व्हॅक्यूम गेज, इंधनदाब मोजायचं गेज, टायमिंग लाइट, व्हर्नियर कॅलिपर, सपाट पट्टी, फीलर गेज, आणि बोटीत ठेवलेलं चालू स्थितीतलं अग्निशामक.

१. आधी इंजिनाची कुंडली मांडा

आज इंजिन जसं आहे तशी त्याची माहिती कागदावर लिहा. रिबिल्ड झालेलं इंजिन बऱ्याचदा कारखान्यातून निघालेल्या इंजिनासारखं राहिलेलं नसतं. बोअर थोडा वाढल्याने क्षमतेत पडणारा फरक किरकोळ असतो, त्याची चिंता करू नका. कॅमशाफ्ट बदलला असेल तर मात्र नीट चौकशी करा. गाडीसाठी बनवलेल्या 'गरम' कॅममध्ये इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बराच वेळ एकत्र उघडे राहतात. बोटीच्या एक्झॉस्टमध्ये थंड करायला पाणी सोडलेलं असतं, आणि अशा कॅममुळे आयडलला (थ्रॉटल न देता इंजिन हळू फिरतं तेव्हा) ते पाणी उलटं सिलिंडरपर्यंत ओढलं जाऊ शकतं. शिवाय आयडलचं व्हॅक्यूम घसरतं आणि कार्बोरेटरचं सगळं सेटिंग त्या व्हॅक्यूमवरच चालतं. कॅम बोटीसाठीचा आहे ना, हे मशिन शॉपकडून लेखी घ्या. ते कळल्याशिवाय कार्बोरेटरची खरेदी करू नका.

२. गाडीचा कार्बोरेटर बोटीत बसवायचा नाही

मोह कुठून येतो ते समजून घ्या. बोटींची कितीतरी इंजिनं मुळात गाडीचीच असतात. जनरल मोटर्सचं ५.७ लिटर व्ही-८ घ्या, तेच अनेक कंपन्यांनी पाण्यासाठी तयार करून विकलं. त्यामुळे गाडीचा कार्बोरेटर मॅनिफोल्डवर बोल्टाला बोल्ट जुळून बसतो आणि इंजिन सुरूही होतं, म्हणून माणूस फसतो.

फरक बिघाडाच्या वेळी दिसतो. कार्बोरेटरमधल्या पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या फ्लोटच्या सुईखाली कचरा अडकला की कार्बोरेटर भरून वाहू लागतो. गाडीत ते पेट्रोल बाहेर सांडतं, खाली रस्ता असतो आणि बॉनेटखालून वारा खेळतो. बोटीत इंजिन बंद खोलीत असतं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या पोकळीत, उतरून साचते आणि स्टार्टरच्या एका ठिणगीची वाट पाहते.

म्हणून बोटीच्या कार्बोरेटरची रचनाच अशी असते की वाहिलेलं पेट्रोल बाहेर न येता इंजिनातच जावं. घेताना पुढच्या गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनी तपासा:

- फ्लोट बाउलच्या (पेट्रोल साठतं त्या वाटीच्या) हवेच्या नळ्या वाकवून थेट घशात, म्हणजे हवा आत जाते त्या वाटेत, वळवलेल्या असतात. गाडीच्या कार्बोरेटरमध्ये त्या बाहेरही उघडू शकतात.
- थ्रॉटल शाफ्टला खाचा असतात. शाफ्टच्या कडेने झिरपणारं पेट्रोल त्या खाचांमधून आत परततं.
- चोक (थंड इंजिनासाठी हवा कमी करणारी झडप) इलेक्ट्रिक असेल तर तो ठिणगी बाहेर जाऊ न देणारा असतो. त्यासाठी एसएई जे-११७१ हे मानक आहे.
- तोंडावर एअर फिल्टरऐवजी फ्लेम अरेस्टर असतो. इंजिनाने उलटा भडका मारला तरी ज्वाळा खोलीत येऊ नये, यासाठी तो असतो.

अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या नियमात हे आकड्यात दिलं आहे: फ्लोट व्हॉल्व्ह उघडा राहिला, थ्रॉटल अर्धा आहे आणि इंजिन सुरू न होता नुसतं फिरतंय, अशा स्थितीत ३० सेकंदांत ५ घन सेंटिमीटरहून जास्त पेट्रोल बाहेर गळता कामा नये. फ्लेम अरेस्टरची अट तिथे त्याहून जुनी आहे. २५ एप्रिल १९४० नंतर बसवलेल्या, आउटबोर्ड सोडून प्रत्येक पेट्रोल इंजिनाला ती लागू आहे. तुमच्या पाण्यावर नियम कोणताही असो, वाफ सगळीकडे सारखीच पेटते. फ्लेम अरेस्टरवर एसएई जे-१९२८ किंवा यूएल ११११ हा शिक्का बघून घ्या.

वापरलेला कार्बोरेटर 'मरीन' म्हणून विकला जात असेल तर फक्त शब्दावर जाऊ नका. सोनेरी-पिवळा मुलामा गाडीच्या कार्बोरेटरवरही चढवता येतो. नंबर शोधा. होली कंपनीच्या कार्बोरेटरमध्ये तो चोकच्या भिंतीवर कोरलेला असतो, एडलब्रॉकमध्ये खालच्या बैठकीच्या पुढच्या बाजूला. तो नंबर कंपनीच्या यादीत मरीन म्हणून सापडला तरच पुढे बोला.

३. मापाचा हिशेब: सीएफएम

सीएफएम म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा आत जाऊ शकते. हिशेब सोपा आहे:

इंजिनाचे लिटर × कमाल आरपीएम ÷ ५६.६ = पूर्ण भरणीची सीएफएम

साध्या इंजिनाचे सिलिंडर पूर्ण भरत नाहीत, म्हणून आलेल्या उत्तराला ०.८५ ने गुणा. काही उदाहरणं:

- ३.० लिटर, ४८०० आरपीएम: सुमारे २१६
- ४.३ लिटर, ४८०० आरपीएम: सुमारे ३१०
- ५.७ लिटर, ४८०० आरपीएम: सुमारे ४११
- ७.४ लिटर, ४६०० आरपीएम: सुमारे ५११

इथे आरपीएम खरे घाला. मॅन्युअलमध्ये ४४०० ते ४८०० लिहिलं असेल तर ४८०० धरा. इंजिन बाकावर ६००० फिरेल म्हणून ६००० धरू नका, कारण प्रोपेलर तिथपर्यंत जाऊच देणार नाही.

५.७ लिटरला ६०० सीएफएमचा फोर-बॅरल, म्हणजे चार घशांचा कार्बोरेटर, अगदी पुरेसा आहे, हे यातून दिसतं. तरीही लोक ७५०, ८०० मागतात. मोठं भोक म्हणजे जास्त ताकद, हा समज काढून टाका. घसा मोठा झाला की त्यातून जाणाऱ्या हवेचा वेग कमी होतो. वेग कमी झाला की व्हेंचुरीतला (घशाच्या अरुंद भागातला) ओढा कमी होतो, पेट्रोल बारीक तुषारांत फुटण्याऐवजी थेंबाथेंबाने पडतं, आणि थ्रॉटल ढकलल्यावर इंजिन आधी घुटमळतं. बोट नाक वर करून पाण्यावर चढायच्या क्षणीच हे घुटमळणं येतं, म्हणजे जेव्हा ताकद सगळ्यात जास्त हवी असते तेव्हाच.

दुसरं असं की बोट बहुतेक वेळ ३००० ते ३५०० आरपीएमला चालते. त्या वेळी फोर-बॅरलचे फक्त पुढचे दोन घसे, म्हणजे प्रायमरी, काम करत असतात. म्हणून मी कार्बोरेटर पारखताना एकूण आकड्यापेक्षा प्रायमरीकडे जास्त बघतो.

आकड्यातला सापळा. टू-बॅरल कार्बोरेटर ३ इंच पारा दाबफरकावर मोजतात, फोर-बॅरल १.५ इंचावर. त्यामुळे '५०० सीएफएम टू-बॅरल' आणि '५०० सीएफएम फोर-बॅरल' एकाच मापाचे नाहीत. टू-बॅरलच्या आकड्याला १.४१४ ने भागा, तेव्हा तुलना होते. ५०० चा टू-बॅरल फोर-बॅरलच्या भाषेत सुमारे ३५४ चा होतो. हा हिशेब न केल्याने लोक चांगला टू-बॅरल काढून तेवढ्याच आकड्याचा फोर-बॅरल लावतात आणि मग बोटीचा स्वभाव बदलल्याची तक्रार करतात.

क्वाड्राजेट या जुन्या फोर-बॅरल कार्बोरेटरला या नियमात थोडी सूट द्या. त्याचा आकडा ७५० असतो, पण प्रायमरी लहान असतात आणि मागच्या घशांवरचं एअर व्हॉल्व्ह इंजिनाच्या मागणीइतकंच उघडतं. म्हणून लहान व्ही-८ वरही तो नीट चालतो. त्याचा आकडा बघून घाबरू नका.

४. टू-बॅरल की फोर-बॅरल

मॅनिफोल्ड आहे तसाच ठेवणार असाल तर उत्तर बहुतेक ठरलेलंच आहे. ३.० लिटर चार-सिलिंडरला टू-बॅरलच शोभतो. व्ही-६ आणि लहान व्ही-८ मूळ टू-बॅरलवर असतील आणि बोट कुटुंबासह फिरायला असेल, तर टू-बॅरलच राहू द्या. सेटिंगला सोपा, बिघडायला कमी जागा. वर थोडी ताकद कमी मिळेल, पण मधल्या वेगात फरक जाणवणार नाही.

फोर-बॅरल घ्यायचाच असेल तर मॅनिफोल्डही त्याचाच हवा. टू-बॅरलच्या मॅनिफोल्डवर अडॅप्टर लावून फोर-बॅरल चढवू नका. खाली वाट दोनच घशांची असते, तर वर चार उघडून काय मिळणार?

फोर-बॅरलमध्ये होली ४१६०, एडलब्रॉक १४०९ (६०० सीएफएम) आणि १४१० (७५० सीएफएम) हे मरीन प्रकार नव्याने घेता येतात. मागचे घसे मागणीनुसार उघडणारा कार्बोरेटर घ्या, मग ते व्हॅक्यूमने उघडोत वा एअर व्हॉल्व्हने. हँडलबरोबर चारही घसे एकदम उघडणारा शर्यतीचा प्रकार नवख्याने घेऊ नये.

५. जुनाच दुरुस्त करायचा का?

जुना कार्बोरेटर मूळचा असेल आणि अंग शाबूत असेल, तर मी त्याच्याच बाजूने आहे. त्याचे जेट (पेट्रोल मोजून सोडणारी भोकं) त्या इंजिनासाठी कारखान्यात ठरवलेले असतात. पण आधी पुढच्या तपासण्या करा:

- थ्रॉटल शाफ्ट बोटाने वर-खाली हलवा. खडखडत असेल तर तिथून हवा शिरते, लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) मिक्स्चर होतं आणि आयडल कधीच स्थिर राहत नाही. नवी बुश बसवता येतात, पण ते मशिनवरचं काम आहे.
- झाकण आणि बाउलच्या जोडावर सपाट पट्टी ठेवून फीलर गेज सरकवा. कुणीतरी जास्त आवळून वाकवलेलं असतं.
- बाउलच्या तळाशी पांढरी भुकटी आणि खड्डे दिसले तर पाणी बराच काळ तिथे बसलं होतं. खड्डे खोल असतील तर सोडून द्या.
- क्वाड्राजेट असेल तर बाउलखालच्या प्लगांमधून गळती आहे का ते बघा. हा त्याचा जुना दुखणेकरी भाग आहे.

दुरुस्तीचा किट मरीन नंबरनेच मागा. गाडीच्या किटमधलं गॅस्केट दिसायला तेच असतं, पण भोकं वेगळी असू शकतात, आणि त्यात पेट्रोल आत परतवायची वाट बंद होऊ शकते.

६. बसणी: बैठक, उंची, कल

मॅनिफोल्डची बैठक चौकोनी म्हणजे स्क्वेअर-बोअर आहे की मागचे घसे मोठे असलेली स्प्रेड-बोअर, ते फोटो आणि व्हर्नियरने ठरवा. क्वाड्राजेट स्प्रेड-बोअर आहे. एडलब्रॉक १४०९ आणि होली ४१६० स्क्वेअर. मध्ये अडॅप्टर लागत असेल तर त्याची जाडी उंचीत धरा.

उंची मोजायला लोक विसरतात. कार्बोरेटर अधिक फ्लेम अरेस्टर अधिक अडॅप्टर, एवढी एकूण उंची इंजिनाच्या झाकणाखाली मावते का? झाकण फ्लेम अरेस्टरवर टेकलं तर हवाच अडते. मॅनिफोल्डवर मातीचा किंवा थर्माकोलचा उंचवटा ठेवून झाकण लावून बघा.

बोटीत इंजिन मागे कललेलं असतं आणि वेग घेताना नाक आणखी वर येतं. म्हणून बोटीच्या बऱ्याच मॅनिफोल्डची वरची बैठक इंजिनाच्या कलाविरुद्ध कापलेली असते, जेणेकरून कार्बोरेटर पाण्याशी समांतर राहावा. गाडीचा मॅनिफोल्ड लावला असेल तर हा उतार नसतो आणि फ्लोटची पातळी मुळातच चुकते. अशा वेळी तिरकी पाचर-प्लेट लावा. व्ही-ड्राइव्ह बोटीत इंजिन उलट्या तोंडाने बसतं, म्हणून तिथे कलही उलटा धरा.

७. पेट्रोल तिथवर कसं पोचतं

कार्बोरेटर कितीही चांगला असो, पुरवठा चुकला तर दोष त्याच्यावरच येतो. पंपाचा दाब गेजवर बघा. एडलब्रॉकला सुमारे ५.५ पीएसआय पुरतो, होली ५ ते ७ मध्ये चालतो. जास्त दाब फ्लोटची सुई ढकलून पेट्रोल वाहवतो.

टाकी आणि पंप यांच्यामध्ये पाणी वेगळं करणारा १० मायक्रॉनचा फिल्टर हवाच. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पाणी ओढतं आणि मर्यादेपलीकडे ते पाणी तळाशी वेगळं होतं. काचेचा किंवा प्लॅस्टिकचा छोटा फिल्टर इंजिनाच्या खोलीत लावू नका, फुटला किंवा वितळला तर सगळं पेट्रोल बिल्जमध्ये जाईल. पंपापासून कार्बोरेटरपर्यंत धातूची नळी, आणि जिथे रबर लागेल तिथे आगीत टिकणारा, आयएसओ ७८४० किंवा ए-१ शिक्क्याचा होज लावा.

टाकीच्या तोंडाशी एक छोटा अँटी-सायफन व्हॉल्व्ह असतो. तो अर्धवट अडकला की इंजिन वरच्या वेगात उपाशी राहतं, आणि माणसं जेट मोठे करत बसतात. जेटला हात लावण्याआधी तो बघा.

८. केबल आणि चोक

इंजिन बंद ठेवून फ्लेम अरेस्टर काढा. एकाला हँडल पूर्ण पुढे ढकलायला सांगा आणि वरून बघा, थ्रॉटलची पाती अगदी उभी होतात का. मग हँडल मागे आणून ती पूर्ण मिटतात का ते बघा. नव्या कार्बोरेटरचा लिव्हर जुन्यापेक्षा वेगळ्या लांबीचा असतो, त्यामुळे ब्रॅकेट बहुतेक वेळा बदलावं लागतं.

इलेक्ट्रिक चोकची तार इग्निशन कॉइलच्या प्लसला जोडू नका. रेझिस्टर असलेल्या कॉइलला पूर्ण १२ व्होल्ट मिळत नाहीत, शिवाय चोक कॉइलचा करंट खातो. इंजिन चालू असतानाच जिवंत होणारी वेगळी तार घ्या. नुसती चावी लावून ठेवली तर चोक आधीच उघडून बसतो आणि थंड इंजिन सुरू होत नाही.

९. पहिल्यांदा सुरू करताना

फ्लॅट टॅपेट कॅम (सपाट तळाच्या टॅपेटवर घासत चालणारा) नवा असेल तर हा टप्पा सगळ्यात नाजूक आहे. असा कॅम बसायला पहिली २० मिनिटं साधारण २००० आरपीएमच्या वर, थोडं वर-खाली करत चालवावा लागतो. आयडलवर ठेवायचा नाही. इंजिन दहा-दहा वेळा नुसतं फिरवत राहिलं तर कॅमवरचं लावलेलं ग्रीस पुसलं जातं आणि नवा कॅम पहिल्याच दिवशी घासतो. म्हणून इंजिन पहिल्या फटक्यात सुरू व्हायला हवं.

त्यासाठी बाउल आधीच भरून ठेवा. हवेच्या नळीतून छोट्या बाटलीने किंवा सिरिंजने हळूहळू पेट्रोल सोडा, सांडलेलं लगेच पुसा. टायमिंग इंजिन बंद असतानाच जुळवून घ्या. मिक्स्चर स्क्रू हलकेच तळाला टेकवून दीड फेरा बाहेर काढा. कूलिंगच्या पाण्याचा पुरवठा वरच्या आरपीएमला पुरेल इतका आहे ना, ते बघा. ब्लोअर (इंजिनाच्या खोलीतली वाफ बाहेर काढणारा पंखा) ४ मिनिटं चालवा, बिल्जमध्ये नाक घालून वास घ्या, मगच चावी फिरवा. सुरू झाल्याबरोबर एकाने कार्बोरेटरच्या चारही बाजूंनी गळती बघायची आणि दुसऱ्याने ऑइल प्रेशर.

१०. पाण्यावरचं सेटिंग

काठावर बांधलेल्या बोटीत आयडल जुळेल, पण खरं सेटिंग भार घेतल्यावरच कळतं. क्रम मोडू नका: आधी टायमिंग, मग आयडल, मग मिक्स्चर, शेवटी जेट. आयडल गिअरमध्ये घालून बघा. बहुतेक इंजिनांना ६०० ते ७०० च्या आसपास हवा असतो, नेमका आकडा मॅन्युअलमधला घ्या. मिक्स्चर स्क्रू व्हॅक्यूम गेजवर सगळ्यात जास्त आकडा येईल तिथे थांबवा, दोन्ही बाजूंना सारखेच फिरवा.

मग फुल थ्रॉटल. इंजिन मॅन्युअलमधल्या आरपीएमपर्यंत जात नसेल तर कार्बोरेटरला दोष देण्याआधी प्रोपेलर तपासा. पिच (प्रोपेलरच्या पात्यांचा पल्ला) जास्त असली तरी इंजिन असंच दबून चालतं. आरपीएम बरोबर येत असतील तर काही मिनिटं पूर्ण भारावर चालवून इंजिन तिथेच बंद करा, आयडलवर न आणता, आणि प्लग काढून बघा. फिका तपकिरी चालेल. पांढरा, फोड आल्यासारखा दिसला तर ताबडतोब थांबा.

गाडीवाल्यांचा सल्ला इथे सगळ्यात जास्त नुकसान करतो. गाडी मोकळ्या रस्त्यावर इंजिनाची थोडीच ताकद वापरते, उतारावर विश्रांती घेते. बोटीला उतार नसतो, इंजिन सतत ओझं ओढत असतं. लीन मिक्स्चर गाडीत पेट्रोल वाचवतं आणि बोटीत पिस्टन वितळवतं. म्हणून मरीन कार्बोरेटरमधले जेट 'जरा जास्तच रिच', म्हणजे जास्त पेट्रोल देणारे, आहेत असं कुणी सांगितलं तरी ते कमी करू नका. होलीमधला पॉवर व्हॉल्व्हही तसाच राहू द्या.

उंचावरच्या तलावात बोट चालणार असेल तेवढाच अपवाद आहे. तिथे हवा विरळ असल्याने मिक्स्चर आपोआप रिच होतं. होलीमध्ये साधारण दर ६०० मीटर चढाला जेटचा एक आकडा कमी करतात. खाली समुद्रावर परत येण्याआधी मूळ जेट परत लावायलाच हवेत, म्हणून ते डबीत घालून, आकडा लिहून, बोटीतच ठेवा.

पहिले काही तास चालवून झाले की इंजिन थंड असताना कार्बोरेटरचे बैठकीचे नट पुन्हा तपासा. नवं गॅस्केट उष्णतेने दबतं आणि नट सैल होतात. आवळताना कर्णाकर्णी, थोडं थोडं आवळा. तेव्हाच पाणी वेगळं करणारा फिल्टर काढून त्यातलं पेट्रोल काचेच्या बाटलीत ओता आणि स्थिर होऊ द्या. तळाशी पाण्याची रेघ दिसली तर टाकी रिकामी करून पुसून घ्या आणि नवा फिल्टर लावा. त्यानंतरच बोट लांब न्या.